रातपाळी करणाऱ्या बाईची दिवसाची झोप

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. वय 32. घरी नवरा, सासू-सासरे आणि बालवाडीत जाणारी चार वर्षांची मुलगी. महिन्यातून एकदा सलग सात नाइट लागतात, रात्री आठ ते सकाळी आठ. जून ते नोव्हेंबर या काळात त्या पाच वेळा आजारी पडल्या. सर्दी, घसा, कणकण, एकदा जुलाब. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. सासूबाई म्हणतात, रात्रीची जागरणं बाधतात. नवरा म्हणतो, नोकरी सोड. वॉर्डातल्या मैत्रिणी व्हिटॅमिनची इंजेक्शनं घ्यायला सांगतात. त्यांचा प्रश्न असा: ‘माझी प्रतिकारशक्तीच कमी आहे का? नाइट बंद केल्या तर हे थांबेल का? मी दिवसा झोपते, तरी असं का होतं?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं, कारण ‘मी दिवसा झोपते’ या वाक्यापाशी अडखळले होते. नाइटनंतरचा दिवस कसा जातो ते तुम्ही पुढे सविस्तर लिहिलंय. ते मी वेळेनिशी मांडून पाहिलं. सकाळी आठला ओव्हर द्यायचा, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती पेशंट सोपवायचे, पावणेनऊला घरी. आंघोळ करून नवऱ्याचा डबा आणि सगळ्यांची भाजी-पोळी. साडेदहाला पाठ टेकता. सव्वाबाराचा गजर, कारण साडेबाराला बालवाडी सुटते. मग लेकीचं जेवण, तिची बडबड, तिची मस्ती. तीन ते चार ती झोपली तर तुमचाही डोळा लागतो. चारला सासू-सासऱ्यांचा चहा, मग संध्याकाळचा स्वयंपाक, सातला परत निघायचं. पाठ टेकल्यापासूनचं मिनिट न् मिनिट झोपेचं धरलं, तरी बेरीज पावणेतीन तास होते. असे सात दिवस सलग. याला झोप म्हणायला माझं मन धजत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं याच बेरजेवर उभं आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रतिकारशक्ती म्हणजे अंगात जन्मतः भरून दिलेला साठा, कुणाचा मोठा कुणाचा लहान, अशी आपली समजूत असते. मग तो कमी पडला की बाटलीतून, सुईतून भरायचा. झोपेबाबतचे प्रयोग पाहिले तर चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांनी 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 153 निरोगी माणसं घेतली. आधी चौदा दिवस रोज त्यांना काल किती झोपलात ते विचारलं. मग प्रत्येकाच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना पाच दिवस हॉटेलात वेगळं ठेवलं. कुणाला किती सर्दी झाली हे ठरवताना नुसतं त्यांच्या सांगण्यावर विसंबले नाहीत. नाक पुसलेले कागदी रुमालसुद्धा गोळा करून त्यांचं वजन केलं. थेंब सगळ्यांच्या नाकात गेले, विषाणूने बहुतेकांच्या शरीरात शिरकावही केला, पण खरी सर्दी झाली ती साधारण तिघांमागे एकाला. आणि सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना ती आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट झाली.

लोकांनी सांगितलेल्या तासांवर भरवसा किती ठेवायचा, अशी शंका तुम्हाला येईल. 2015 साली कोहेन यांच्याच साथीने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात 164 जणांच्या मनगटाला झोप मोजणारं यंत्र बांधलं होतं, आणि मग तसेच थेंब नाकात घातले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून थोडी अधिक निघाली. ही सगळी धडधाकट माणसं होती. त्यांची प्रतिकारशक्ती ‘कमी’ नव्हती. तिला कामाला लागणारा वेळ त्यांनी दिला नव्हता.

कारण हे काम बरंचसं झोपेतच चालतं. पहिल्या काही तासांच्या गाढ झोपेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक खाली उतरलेलं असतं, वाढीचं संप्रेरक चढतं, आणि पांढऱ्या पेशींतल्या टी पेशी रक्तातून लसिका ग्रंथींत जमतात. घसा धरला की मानेला ज्या गाठी हाताला लागतात, त्याच या ग्रंथी. नवा जंतू कोणता, त्याला ओळखायचं कसं, पुढच्या वेळी कुणी धावून जायचं, याची तयारी तिथे होते. पावणेदोन तासांत गजर वाजला की ती अर्धवट राहते. त्यात दिवसाची झोप मुळातच उथळ असते. मेंदूतलं घड्याळ उजेडावर लावलेलं आहे, ते तुमच्या ड्युटी लिस्टप्रमाणे फिरत नाही. पहाटेपासूनच अंगाचं तापमान चढायला लागलेलं असतं आणि शरीर जागं राहायच्या तयारीत असतं. म्हणून घर शांत असलं तरी रातपाळीवाल्याची झोप इतरांपेक्षा कमीच भरते. तुमचं घर शांतही नाही.

या हिशेबात व्हिटॅमिनची इंजेक्शनं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर जरूर घ्या. नाहीतर तो पैसा खिडकीच्या पडद्याला लावा. आणि सर्दी विषाणूने होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. हे तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांना समजावत असाल, मग स्वतःच्या बाबतीत दोनदा कोर्स का झाला? तुमच्यावर रागावत नाही मी. दुसऱ्या दिवशी ड्युटी असते, रजा मिळत नाही, काहीतरी घेऊन उभं राहायचं असतं, हे मला कळतं. पण पुढच्या वेळी कोर्स सुरू करण्याआधी ‘हे जिवाणूंचं आहे का?’ एवढं डॉक्टरांना विचारा.

दुसरा प्रश्न, नाइट बंद केल्या तर हे थांबेल का. प्रामाणिक उत्तर, थोडं कमी होईल, थांबणार नाही. नेदरलँड्समधल्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांची फ्लूच्या हंगामातली पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तुमच्यासारखीच माणसं, फिरत्या पाळ्या आणि नाइट करणारी. पाळ्या न करणाऱ्यांपेक्षा त्यांची श्वसनमार्गाची आजारपणं साधारण 20 टक्क्यांनी जास्त भरली. दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही, पण पाचाचं शून्य करणाराही नाही. हा आकडा आणि नाकात थेंब घालून काढलेली चौपट एका तराजूत तोलता येत नाहीत, दोन्हीची पद्धत वेगळी आहे. तरी दोन्ही शेजारी ठेवून माझं मत असं होतं की नाइट करूनही सहा-सात तास झोपणाऱ्या बाईपेक्षा, नाइट न करता चार तास झोपणाऱ्या बाईची मला जास्त काळजी वाटेल.

शिवाय पाचपैकी दोन वेळा आधी मुलगी आजारी पडली आणि मग तुम्ही, असं तुम्हीच लिहिलंय. त्या दोन्ही वेळी नाइटचा आठवडा नव्हता. बालवाडीतल्या लेकराला वर्षात सहा-आठ सर्द्या होणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती सर्दी ते आईलाच आणून देतं. पुढची दोन-तीन वर्षं हे थोडंफार चालणारच.

जुलाबाचं खापरही लगेच जागरणावर फोडू नका. पाळ्यांत काम करणाऱ्यांना पोटाचे संसर्गही जास्त होतात, असं नेदरलँड्समध्येच मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी हजारो कामगारांची पाहणी करून 2002 साली मांडलं होतं. पण तुम्ही डबा साडेसहाला भरता आणि खाता रात्री दीड वाजता. सात तास तो ड्युटी रूममध्ये बाहेरच असतो, तोही पावसाळ्यात. वॉर्डाच्या पॅन्ट्रीत फ्रिज असेल तर तिथे ठेवा. औषधांच्या फ्रिजमध्ये नको, हे तुम्हाला सांगायला नकोच. फ्रिज नसेल तर नाइटच्या आठवड्यात दही-भात, नारळाचं वाटण, उसळ टाळा. पोळी आणि कोरडी भाजी, दशमी, फुटाणे, फळं न्या.

आता सासूबाईंचं म्हणणं. जागरण बाधतं, हे त्या शंभर टक्के बरोबर बोलतात. पिट्सबर्गला रुमालांचं वजन करून जे कळलं ते त्यांना आधीपासून ठाऊक आहे. पण रात्रीचं जागरण तुम्हाला टळत नाही. दिवसाचं टाळता येतं.

इथे मला माझं घर आठवतं. माझे वडील सोलापुरात कापडगिरणीत होते. तिसरी पाळी असली की सकाळी भोंगा झाल्यावर घरी यायचे, चहा प्यायचे आणि आतल्या खोलीत जायचे. आई खिडकीला जाड चादर लावायची, तिची दोन टोकं खिळ्यांना अडकवलेली असायची. आजी उंबरठ्यावर सूप घेऊन बसायची. तांदूळ निवडायचे हे निमित्त, खरं काम पहाऱ्याचं. भाजीवाली आली की आजी ओठांवर बोट ठेवायची आणि भाजीवाली पुढच्या दारी जाऊन ओरडायची. आम्ही पोरं बाहेरच्या चौकात. स्टोव्हची पिनसुद्धा दोनच्या आत कुणी मारायचं नाही. बाबांनी कधी ‘शांत राहा’ म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणावं लागतच नव्हतं, ते काम अख्ख्या घराने अंगावर घेतलं होतं.

तुम्हीही रातपाळी करता. तुम्ही घरी आल्यावर मात्र ओट्याशी उभं राहावं लागतं. तुमच्या घरचे दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही, तुमच्या पत्रातून ती माणसं मायेची वाटतात. पुरुष रातपाळीहून आला की त्याला झोपू द्यायचं असतं हे घरांना कळत आलं. बाई आली की ती ‘घरी आली’ एवढंच दिसतं. आणि खरं सांगायचं तर तुम्हीही ते मान्य केलंय. ‘डबा केल्याशिवाय मलाच चैन पडत नाही’ हे वाक्य तुमचंच आहे.

म्हणून नोकरी सोडण्याआधी एक महिना घरातली व्यवस्था बदलून बघा. नोकरी सोडणं हा मार्ग उघडाच आहे, तो कुठे पळून जात नाही. पण पगार गेला, बारा वर्षांची नर्सिंगची वाट सुटली आणि बालवाडीतली सर्दी तशीच राहिली, असं व्हायला नको.

नाइटच्या सात दिवसांत सकाळचा डबा तुमच्याकडे नको. नवरा करेल, सासूबाई करतील, खानावळीतून येईल, ते त्यांनी ठरवावं. लेकीला आणायला सासऱ्यांनी जावं. बालवाडी पाच मिनिटांवर आहे आणि सकाळी ते देवळात चालत जातात, म्हणजे पाय चालतात. तुम्ही साडेनऊला झोपायचं आणि गजर न लावता जेवढी झोप येईल तेवढी घ्यायची, निदान दोनपर्यंत. मग उठून जेवा, लेकीबरोबर राहा, पाच ते सव्वासहा पुन्हा आडव्या व्हा. दोन तुकडे जोडून जवळजवळ सहा तास होतात. एका तुकड्यात सहा भरले तर फारच छान, पण हट्ट नको. पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारीच दीड-दोन तास झोपून जा, सकाळपासून जाग्या राहून थेट ड्युटीवर जाऊ नका.

सकाळी घरी येताना डोळ्यांवर गडद गॉगल असू द्या, उजेड जितका कमी तितकं मेंदूतलं घड्याळ कमी हलतं. रात्रीचा शेवटचा चहा दोनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफीन पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मं अंगात असतं. खिडकीला काळं जाड कापड. फोन दुसऱ्या खोलीत, बालवाडीच्या बाईंकडे सासऱ्यांचा नंबर. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. वॉर्डात हाताशी असते म्हणून तर अजिबात नको.

एक गोष्ट रातपाळीवाल्यांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मच्छरदाणी आपण रात्री लावतो. पण डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मावळण्याआधीचे काही तास जास्त. म्हणजे तुम्ही पाठ टेकता ती वेळ आणि पाचची डुलकी, दोन्ही त्याच्या सोयीच्या. अंधारी खोली त्याला आवडतेच. तुमच्या वॉर्डात पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट किती असतात ते तुम्ही पाहताच. तेव्हा मच्छरदाणी दिवसाही लावा, कूलरचं आणि कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओता. औद्योगिक भागात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, थर्ड शिफ्ट करणाऱ्या मुलांनाही हेच सांगेन. तिथे तर रात्रीचा एक उठला की दिवसाचा दुसरा त्याच गादीवर पडतो. निदान चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल ज्याचा त्याचा ठेवा, आणि खिडकी उघडी ठेवा. दहा माणसं बंद खोलीत पाळीपाळीने झोपली की खोकला सगळ्यांचा होतो.

मेट्रनशी बोलायचं तर ‘मला नाइट नको’ म्हणून जाऊ नका. तुमच्या सात नाइट दुसऱ्या सिस्टरच्या गळ्यात पडतील आणि तिच्याही घरी लेकरू असेल. तिघी-चौघी मिळून जा आणि ड्युटी लिस्टचा आकार बदलून मागा. सलग सातऐवजी दोन किंवा तीन नाइट आणि मग सुटी. पाळी फिरवायची तर सकाळ, मग संध्याकाळ, मग नाइट या क्रमाने, उलटी नको. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. आणि संध्याकाळची ड्युटी करून दुसऱ्या दिवशी सकाळी परत, हे बंद. दोन ड्युट्यांत निदान 11 तास विश्रांती हा युरोपीय संघात कायदा आहे. मेट्रनना पटण्याजोगा मुद्दा त्यांच्याच फायद्याचा आहे, आजारी पडणाऱ्या सिस्टर कमी झाल्या की आयत्या वेळी ड्युटी लिस्ट खोडावी लागत नाही.

अंगात ताप असताना मात्र ड्युटीवर जाऊ नका, तुमच्या वॉर्डात दमलेली, ऑपरेशन झालेली माणसं आहेत. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर आजारपणाच्या प्रमाणित रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते, ते ऑफिसात तपासून ठेवा. कापला जातो आणि कधी वापरलेला नाही, अशा कितीतरी सिस्टर मला भेटल्या आहेत.

लसीबद्दल. 2002 साली शिकागोत तरुण मुलांना काही रात्री चारच तास झोपू देऊन फ्लूची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी निघाली. दर वर्षीची फ्लूची लस नाइटच्या आठवड्यात घेऊ नका, सुटीनंतरच्या सकाळपाळीत घ्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असतील, पण त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी केली होती का? 2012 मधल्या एका अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत ही लस पुरेशी न लागण्याचं प्रमाण जास्त होतं. रोज सुया हाताळणाऱ्या बाईने आपल्या प्रतिपिंडांचा आकडा माहीत करून घ्यायलाच हवा. सुई टोचली तर मात्र झोप-बीप बघायची नाही, तातडीने उपचार.

आणि हे सगळं करताना एका बाबतीत माझ्या सल्ल्यावर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरलं, तर ‘झोप कमी पडतेय’ असं म्हणत बसू नका. थुंकीची तपासणी करा, सरकारी केंद्रात ती मोफत होते. रुग्णालयात काम करणाऱ्यांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि तो सुरुवातीला अशाच साध्या खोकल्यासारखा दिसतो. एकदा रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या.

पुढच्या नाइटचे सात दिवस उशाशी एक वही ठेवा. कधी पडलात, कधी उठलात, कशाने उठलात, तीन रकाने. ‘कशाने’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कुकर, बेल, लेक, फोन, उकाडा, जे असेल ते लिहा. आठव्या दिवशी वही सासूबाईंच्या हातात द्या. जागरण बाधतं असं त्याच म्हणतात ना, मग दाराशी बसायला तुम्हाला त्यांच्यासारखं माणूस दुसरं कोण मिळणार? फक्त हे बोलणं नाइटहून आल्या आल्या काढू नका. सुटीच्या दिवशी, झोप झालेली असताना, दोघी भाजी निवडायला बसाल तेव्हा काढा.